डोकं दुखतंय म्हणणाऱ्या बाळंतिणीचा रिपोर्ट कोण लिहितं?

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्ताने बेंगळुरूमध्ये मराठी भाषिक विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'सावित्रीमाई आणि आजची शिकलेली स्त्री'. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारी माणसं इथे समोरच बसली आहेत. म्हणून मी त्यांना विचारलं, एका डोकेदुखीबद्दल बोललं तर चालेल का? फोनवर जरा शांतता झाली. मग म्हणाले, बोला, पण अर्ध्या तासात आवरा. बेंगळुरूत मराठी माणसांची सभा असली की पहिली दहा मिनिटं शहाजीराजांच्या जहागिरीत जातात. ती मी वाचवते आहे, तेवढी मला वाढवून द्या.

माझं गाव उदगीर तालुक्यात. आई-वडील मजुरी करायचे, शिवाय दोन एकर कोरडवाहू. घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिली मी. बी. फार्म. केलं आणि नोकरीसाठी इथे आले. माझं काम फार लोकांना माहीत नसतं. औषध घेतल्यावर कोणाला काही त्रास झाला, तर त्याची नोंद होते, त्या नोंदी जगभरातून येतात आणि त्यातल्या पुष्कळशा या शहरात बसून वाचल्या जातात. इंग्रजीत त्याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. आमच्या ऑफिसात नुसतं 'केस करणं' म्हणतात. आज किती केस केल्या, असं विचारतात. अमेरिकेतल्या, युरोपातल्या बायकांनी, त्यांच्या डॉक्टरांनी, कधी त्यांच्या नवऱ्यांनी कळवलेला त्रास मी रात्रपाळीत वाचायचे, त्याला ठरलेला शब्द लावायचे आणि पुढे पाठवायचे. गंभीर केस असेल तर पंधरा दिवसांत ती तिथल्या सरकारकडे पोचलीच पाहिजे, असा नियम आहे.

केस ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात. ओळखता येणारा रुग्ण, ओळखता येणारा सांगणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. चारांतली एक नसेल तर ती केस होत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. ओळखता येणारा रुग्ण, ओळखता येणारा सांगणारा. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं. रीत म्हणजे माहेरी. पण गावातल्या घराला पत्रे, उन्हाळा तोंडावर, आणि दवाखाना गाठायचा तर वाहन मिळेलच असं नाही. आई म्हणाली, आता माहेर म्हणजे तूच. मग आई, बहीण आणि दोन गाठोडी रेल्वेने माझ्या दोन खोल्यांत आली. गाठोड्यात डिंक, ओवा, बाळंतशोपा, खारीक आणि शेकायची मातीची शेगडी. शेगडी बघून घरमालकीण घाबरली होती, पण तो निराळा किस्सा आहे.

प्रसूती नीट झाली. मुलगी झाली. नाळ-वार पडल्यावर इंजेक्शन दिलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. सोबत गोळ्या दिल्या. लोहाची, कॅल्शियमची, एक अँटिबायोटिक, आणि पिशवी आकसायला म्हणून मेथिलएर्गोमेट्रिनची ०.१२५ मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीन वेळा. बाजारात ती मेथरजिन नावाने सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सिंग केलेल्या मैत्रिणी मान हलवताहेत, त्यांनी हजार वेळा दिली असेल.

सहाव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, बाळाला पाजत असताना ती ओरडली. डोक्यात कोणीतरी नारळ फोडला, असं तिने सांगितलं. हे तिचे शब्द. तासाभराने उतरलं. मी तिला काय म्हणाले सांगू? झोप झाली नाही तुझी, पड जरा.

दुसऱ्या रात्री परत. मी ड्युटीवर होते. आईने शेजारच्या मुलाला खालच्या मेडिकलमध्ये पाठवलं. डोकं फार दुखतंय म्हटल्यावर त्याने मायग्रेनची गोळी दिली. प्रिस्क्रिप्शन विचारलं नाही, बाळंतीण आहे का तेही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला जिथे बाळंतपण झालं तिथे दाखवायला नेलं. बीपी वाढलेलं होतं. 'टेन्शन असेल' म्हणून पॅरासिटामॉल दिली आणि परत पाठवलं.

त्या खोलीत काय झालं ते नीट सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. बहिणीला कन्नड येत नाही. शेजारणीकडून ती एक शब्द शिकली होती, 'तलेनोवु', डोकेदुखी. तो तिने चार वेळा सांगितला. पण डोकेदुखी कोणाला होत नाही? डॉक्टरांना जे कळायला हवं होतं ते डोकं दुखतंय हे नव्हतंच. ते किती झपाट्याने दुखायला लागलं, हे होतं. क्षणात, पूर्ण जोराने, आधी काही नसताना. यासाठी कन्नडमध्ये 'इद्दक्किद्दंते' असा शब्द आहे, अचानक या अर्थी. तो मी नंतर शिकले. आई मराठीत सांगत होती, नारळ फोडल्यासारखं, नारळ. समोरच्या बाई आमच्याकडे बघून शेजारच्या बाईंना काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मला तेवढं कन्नड येत होतं. 'ह्यांच्या बायका शेतात बाळंत होऊन लगेच कामाला लागतात, इथे शहरात आल्या की नाजूक होतात.'

'ह्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे त्यांना कसं कळलं? केसपेपरवर होतं. योजनेच्या पैशांचा फॉर्म भरताना जात लिहून घेतली होती. अनुसूचित जाती, स्पष्ट अक्षरात. जात एका कागदावर होती. दुखणं कुठल्याच कागदावर आलं नाही. त्या दिवशीच्या केसपेपरवर एवढंच आहे: बीपी, पॅरासिटामॉल, विश्रांती.

चौथ्या दिवशी पहाटे तिचा डावा हात लुळा पडला आणि मग झटका आला.

मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या एका तरुण मेंदूरोगतज्ज्ञाने बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, गेल्या दहा दिवसांत हिने काय काय औषधं घेतली? मी घरून येताना सगळी पाकिटं आणि रिकामी पानं एका कॅरीबॅगमध्ये कोंबून आणली होती. ती मी टेबलावर ओतली. त्यांनी दोन पानं बाजूला काढली. एक मेथरजिनचं, एक त्या मायग्रेनच्या गोळीचं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, एर्गोटामाइन. मग शिरांचा फोटो काढला. मेंदूच्या रक्तवाहिन्या एकसारख्या नळीसारख्या दिसायला हव्यात. तिच्या जागोजागी आवळलेल्या, मध्ये फुगलेल्या, पुन्हा आवळलेल्या. मण्यांच्या माळेसारख्या.

याला आज रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम म्हणतात, आरसीव्हीएस. साध्या मराठीत, मेंदूच्या शिरा आवळल्या जाणं, जे बहुधा तीन महिन्यांत पूर्ववत होतं. बाळंतपणानंतर झालं तर त्याला बाळंतपणानंतरची अँजिओपॅथी असंही म्हणायचे. ओळख एकच, मिनिटाच्या आत शिगेला पोचणारी डोकेदुखी, वीज कोसळल्यासारखी, आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे ती परत परत येत राहते. पहिल्या आठवड्यात सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, शिरांचा फोटोसुद्धा. म्हणून स्कॅन नॉर्मल आला म्हणजे बाई खोटं बोलते असं होत नाही. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो, काहींचा रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायू होतो, आणि काही जातात.

प्रत्येक वेळी कारण औषधच असतं, असं मी म्हणणार नाही. काहींना काहीही न घेता होतं. बाळंतपणानंतर शरीरातले हार्मोन्स एकदम खाली येतात, शिरा तशाही हळव्या असतात. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये ६७ रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात निम्म्याहून जास्त जणांत काहीतरी निमित्त सापडलं. बाळंतपण, किंवा शिरा आवळणारं काहीतरी पोटात गेलेलं. त्यात गांजा होता, नैराश्यावरच्या काही गोळ्या होत्या, आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारी औषधंही होती. सर्दीच्या गोळ्यांत असतं ते फिनाइलएफ्रिन याच जातीचं. ही 'जात' मात्र रसायनाची आहे, घाबरू नका.

आता एर्गट. हा शब्द तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना माहीत आहे. बाजरीवरचा अरगट. फुलोऱ्यात पाऊस झाला की कणसातून मधासारखा चिकट द्रव येतो, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. माझे वडील पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि बी त्यात ओतायचे. अरगटाच्या गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळायच्या, बी धुवून सुकवायचं. काय जाळतोय हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. अशी बाजरी खाऊन गावंच्या गावं उलट्या-चक्करीने आजारी पडल्याचे प्रकार आपल्याकडे १९५०च्या आणि १९७०च्या दशकांत नोंदले गेले आहेत. युरोपात हीच बुरशी, तिची दुसरी प्रजाती, राय नावाच्या धान्यावर पडायची. ते खाऊन माणसांची बोटं काळी पडून झडायची, कारण ती बुरशी शिरा आवळते. आणि तिथल्या सुईणी तीच बुरशी चिमूटभर वापरून बाळंतिणीची पिशवी आकसवायच्या. १९३५ मध्ये त्यातला नेमका घटक वेगळा काढला गेला, एर्गोमेट्रिन. पुढे स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत त्यात थोडा बदल करून मेथिलएर्गोमेट्रिन झालं.

हे औषध वाईट नाही. हे जरा जोर देऊन म्हणते, कारण उद्या कोणी म्हणेल त्या बाईने सांगितलं म्हणून आम्ही इंजेक्शन घेऊ दिलं नाही. बाळंतपणात बायका सर्वांत जास्त कशाने मरतात, तर रक्त जाऊन. पिशवी आकसली की रक्त थांबतं. पण औषधाला पिशवी कोणती आणि मेंदूची शीर कोणती ते कळत नाही. म्हणूनच ज्या बाईचं बीपी वाढलेलं आहे तिला ते देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की पहिली पसंती ऑक्सिटोसिनला द्या, आणि एर्गटची औषधं तिथेच वापरा जिथे उच्च रक्तदाब नाही याची खात्री करता येते. शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स सोबत घेतली तर एर्गट शरीरात साठतं. आणि मायग्रेनच्या एर्गोटामाइनवाल्या गोळीने तर आगीत तेल पडतं. ही सगळी माहिती छापील आहे. ती बाईपर्यंत पोचत नाही, मेडिकलच्या काउंटरपर्यंतसुद्धा पोचत नाही.

ऑक्सिटोसिनचं नाव निघालं म्हणून या शहराची एक गोष्ट. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की देशात विकायचं ऑक्सिटोसिन खासगी कंपन्यांनी बनवायचं नाही. सगळ्या देशाचा भार एका सरकारी कंपनीवर, आपल्या बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्सवर. कारण काय? गाई-म्हशींना पान्हा फुटावा म्हणून लोक त्याचा गैरवापर करतात. रक्त जाणाऱ्या बाळंतिणीचं सर्वांत सुरक्षित औषध दुभत्या जनावरांच्या काळजीपोटी आवळलं जाणार होतं. ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्कसारखे लोक कोर्टात गेले आणि १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ऑक्सिटोसिन मिळेनासं झालं की दवाखाना हात कशाकडे नेतो? मेथरजिनकडे. बीपी मोजलेलं असो वा नसो.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. मेथरजिन, आवळलेल्या शिरा, वीज कोसळल्यासारखी डोकेदुखी, हे मला माहीत होतं. बहिणीला पहिल्यांदा दुखलं त्याच्या काही महिने आधी मी अशीच एक केस केली होती. कोणाची, कुठली, ते सांगता येत नाही, तशी आमची सही घेतलेली असते. त्या बाईने लिहिलं होतं, डोक्यात स्फोट झाल्यासारखं वाटलं. मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. टाइप केलेलं होतं, इंग्रजीत होतं, फॉर्मवर होतं. मी योग्य शब्द निवडला, 'थंडरक्लॅप हेडेक', आणि गंभीर अशी खूण केली. आणि माझी सख्खी बहीण माझ्याच घरात, मराठीत, नारळ फोडल्यासारखं म्हणाली, तेव्हा मी तिला झोप म्हणाले. त्या हसणाऱ्या दोघींचा राग मला आजही येतो. पण रविवारच्या संध्याकाळी मी काय वेगळं केलं होतं?

त्या परदेशी बायकांवर तरी जग सहज विश्वास ठेवत होतं का? नाही. ज्या बायकांना अंगावर पाजायचं नसे, त्यांचं दूध आटवायला अमेरिकेत ब्रोमोक्रिप्टिन द्यायचे, पार्लोडेल नावाने. तेही एर्गटच्याच कुळातलं, सँडोझचंच. १९८० मध्ये या कामासाठी त्याला मंजुरी मिळाली. मग धडधाकट बाळंतिणींना झटके, मेंदूतला रक्तस्राव, हृदयविकार झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९८९ मध्ये सरकारच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की दूध आटवायला औषधाची गरजच नाही. बाकी कंपन्यांनी आपापली औषधं त्या कामातून मागे घेतली, सँडोझने नाही. पब्लिक सिटिझन नावाची ग्राहकांची संघटना मागे लागली, कोर्टात गेली, तेव्हा १९९४ मध्ये कंपनी मागे हटली आणि १९९५ मध्ये मंजुरी रीतसर काढली गेली. युरोपने दूध आटवण्यासाठी ते सरसकट देऊ नका, बीपी असलेल्या बाईला तर नकोच, असं सांगायला २०१४ उजाडलं. दूध काही दिवसांत आपोआप आटलं असतं. त्यासाठी बायका मेल्या. आणि हे थांबलं, कारण कोणीतरी एकेक नोंद केली होती. मेलेल्या बाईच्या नवऱ्याने, आईने, एखाद्या डॉक्टरने. एक केस म्हणजे योगायोग असतो. शंभर झाल्या की त्याला संकेत म्हणतात.

आपल्याकडे संकेत कसा तयार होतो ते बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या बायका एकापाठोपाठ खालावल्या आणि पाच जणी गेल्या. सलाईनवर संशय आला, चौकशी झाली, राज्यभर गाजलं. का? त्या एकाच रुग्णालयात, दोन-तीन दिवसांत ऑपरेशन झालेल्या होत्या. पाच वेगवेगळ्या तालुक्यांत, पाच वेगवेगळ्या महिन्यांत गेल्या असत्या तर पाच घरांत पाच वेळा 'नशीब' म्हटलं गेलं असतं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये इथून सत्तर किलोमीटरवर तुमकुरूला एका तमिळ बोलणाऱ्या स्थलांतरित गरोदर बाईला आधार आणि तायी कार्ड नाही म्हणून जिल्हा रुग्णालयातून परत पाठवलं. ती आणि तिची जुळी मुलं घरी मेली. ओळखता येणारा रुग्ण, हे वाक्य मला तेव्हा परत आठवलं.

बाळंतिणीची डोकेदुखी हा आपल्या देशात काही नवा विषय नाही. मदुराईच्या के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये १३५ बायकांचा अभ्यास छापला, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत रक्त गोठलेल्या. इथे होसूर रोडवरच्या निम्हान्समध्ये डॉ. डी. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच आजारावर, हेपारिनच्या कमी डोसवर काम केलं. तो आजार वेगळा, तिथे शिरा आवळत नाहीत, रक्ताची गाठ धरते. पण डोकेदुखी तिथेही असते. आणि त्याच्या कारणांत आपल्या डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली आहे, बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत.

माझी आईही पाणी मोजून देत होती. पोट सुटतं, बाळाला सर्दी होते. मी तिला रागावले, तेव्हा ती म्हणाली, तुझ्या आजीला विचार. आजी आता नाही, पण तिचं मला आठवतं. ती सुईण होती. मराठवाड्यात सुईण बहुधा आमच्या मांगवाड्यातली. वरच्या आळीतल्या बाईला कळा आल्या की आजीला रात्री उठवून न्यायचे. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, घाण तिने काढायची, आणि सगळं निभावलं की घर धुवून घ्यायचे, कारण तिचा हात लागला. तिला स्वतःला ओसरीवर वरून पाणी ओतायचे. बाळंतीण दहा दिवस विटाळात, आणि तिला हात लावणारी जन्मभर विटाळात. आजीला शेकडो बाळंतपणांचा अनुभव. कोणत्या बाईला डोकं दुखून आकडी आली, कोणती त्यातून वाचली, हे तिच्या ध्यानात होतं. त्यातलं अक्षरही कुठे लिहिलेलं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी तिला विचारलं नाही.

१८५५ साली मुक्ता साळवेने, सावित्रीमाई-जोतिबांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने, ज्ञानोदयात निबंध लिहिला. त्यात इतर छळासोबत तिने हेही नोंदवलं की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घराला छप्परसुद्धा नसतं, आणि थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात. आपण तो निबंध दरवर्षी शिक्षणाचा, बंडाचा म्हणून वाचतो. मी हल्ली तो माझ्या धंद्याच्या नजरेने वाचते. रुग्ण आहे, त्रास आहे, कारण आहे, आणि सांगणारी आहे, तिचं नाव खाली छापलेलं आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले, तेव्हाही बाईचं शरीर हा खासगी विषय आहे असं मानणारे समोर बसलेच होते.

आता कामाचं. इथे नर्सिंग, फार्मसी, आशा, डेटा एंट्री करणारे खूप जण आहेत. आणि जे नाहीत त्यांच्या घरात बाळंतीण असतेच. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत कधीही अचानक, मिनिटाच्या आत शिगेला गेलेली डोकेदुखी झाली, किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधुक झाली, हात-पाय जड झाला, झटका आला, बीपी वाढलं, तर त्याला टेन्शन म्हणू देऊ नका. पाठीत सुई देऊन भूल दिली असेल तर त्याचीही डोकेदुखी असते, ती बसल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर उतरते. पण हे ठरवणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आपलं काम डॉक्टरांना 'अचानक' हा शब्द ऐकवण्याचं, बीपी मोजायला लावण्याचं आणि औषधांची पानं फेकून न देण्याचं. खालच्या मेडिकलमधून मायग्रेनची किंवा सर्दीची गोळी आणायची नाही. दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. पाकीट घेऊन जायचं आणि विचारायचं.

आणि नोंद. आपल्या देशातही औषधांच्या दुष्परिणामांची नोंद होते, २०१० पासून. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये तिचं केंद्र आहे, आणि पुष्कळ मेडिकल कॉलेजांत शाखा आहेत. डॉक्टरांसाठी वेगळा फॉर्म आहे आणि रुग्णांसाठी वेगळा. रुग्णांचा मराठीतही आहे, कन्नडमध्येही. फोन करायचा तर १८००-१८०-३०२४. औषधानेच झालं हे सिद्ध करायची गरज नाही. संशय पुरे.

बहिणीचा फॉर्म मी भरला, तिला घरी आणल्यावर. तीन महिन्यांनी तिच्या शिरांचा फोटो स्वच्छ आला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र अजून पुरती ऐकत नाहीत. भाकरी थापताना परातीत नीट फिरत नाही, कड जाड राहते. ती म्हणते, कुत्र्याला आवडते जाड कड. फॉर्म भरताना ती शेजारी बसली होती, पोरगी मांडीवर. तिने विचारलं, माझं नाव घातलंस? म्हटलं, पूर्ण नाव नाही लागत, आद्याक्षरं लागतात. आणि जात? म्हटलं, तो रकानाच नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बरं, नारळाचं लिही.

मी लिहिलं. 'त्रासाचं वर्णन' या रकान्यात, तिच्याच शब्दांत, मराठीत.

फॉर्मच्या पन्नास प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, चहाच्या शेजारी. आता प्रश्न असतील तर विचारा. कन्नड येणाऱ्या कोणी दोघं-तिघं थांबा, मला एक शब्दयादी करायची आहे, दुखण्याच्या शब्दांची.